विहीर आटते, वावर गाळाने भरते

प्रश्न : वणी तालुक्यात खुल्या कोळसा खाणीलगत आमचे वावर आहे. पावसाळ्यात मातीच्या ढिगाऱ्यांवरचा गाळ नाल्यावाटे कपाशीत शिरतो आणि विहीर मार्चमध्येच तळ गाठते. काय करावे?
– एक कास्तकार

उत्तर : खाणीचा तळ विहिरीहून खोल असतो आणि कोळसा काढण्यासाठी तिथले पाणी सतत उपसावे लागते, त्यामुळे आसपासचे भूजल तिकडे ओढले जाते. मात्र कमी पावसानेही विहीर आटते, म्हणून नोंद हवी. दर अमावस्येला दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. (तोंडी तक्रारीला कचेरीत कोणी विचारत नाही.)

गाळाचे प्रकरण तुलनेने सोपे आहे. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी चर आणि गाळ बसवण्याचे टाके असावे, अशी अट खाणीला सरकारकडून मिळणाऱ्या पर्यावरण मंजुरीत सहसा असते. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार अटींच्या पालनाचा अहवाल खाणीला दर १ जून व १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. त्यातील दावा प्रत्यक्ष चराशी ताडून पाहावा. गाळ ओला असतानाच तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, कारण वखरणी झाल्यावर पुरावा उरत नाही. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण) कारण घडल्यापासून ५ वर्षांत अर्ज करता येतो.