आधी शुगर तपासावी, मग श्वासाकडे पाहावे

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलीला चार वर्षांपासून टाइप १ मधुमेह आहे. दहावी सुरू झाल्यापासून ती शुगर तपासायला टाळाटाळ करते आणि आकडा विचारला की चिडते. एका परिचितांनी माइंडफुलनेसचा (चालू क्षणाकडे सजगपणे पाहण्याच्या ध्यानसरावाचा) आठ आठवड्यांचा वर्ग सुचवला असून त्याने इन्सुलिन कमी होईल, असे ते म्हणतात. तिला पाठवावे का?
— एक आई, नाशिक

उत्तर : अवश्य पाठवावे, पण इन्सुलिन कमी होईल या आशेने नव्हे. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होत जातात आणि ध्यानाने त्या परत येत नाहीत. या समजापायी डोस चुकले, तर रक्तात कीटोन नावाची आम्ले वाढून जिवावर बेतू शकते.

आठ आठवड्यांचा हा कार्यक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. किशोरवयीनांसाठीचे वर्ग बहुधा त्याच धर्तीवर चालतात. त्यातून मनावरचा ताण हलका होऊ शकतो. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी मात्र उतरेलच, अशी हमी कोणी देऊ नये.

वयात येताना शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, त्यात परीक्षेचा ताण; त्यामुळे सारे पथ्य पाळूनही एखाद्या सकाळी मीटरवर २८० दिसतो. अशा वेळी घरातून ‘काय खाल्लंस?’ हा पहिला प्रश्न आला, की मुलीला तो आकडा नापासाच्या शेऱ्यासारखा वाटू लागतो आणि ती तपासणेच सोडते. आकडा पाहून स्वतःला दोष न देता दोन-तीन श्वास घेण्यापुरते थांबणे आणि मग डोस ठरवणे, हा सराव तिच्या खऱ्या उपयोगाचा आहे. (आपल्याही.)

एक गोष्ट वर्ग घेणाऱ्यांना स्पष्ट विचारावी. धडधड, घाम आणि थरथर ही चिंतेची लक्षणे शुगर लो झाल्याचीही असतात. तेव्हा डोळे मिटून बसणे धोक्याचे आहे. आधी तपासावे, ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. वर्गाच्या मध्येच उठून खाण्याची मुभा नसेल, तर तो वर्ग तिच्यासाठी नाही.

मात्र ती मुद्दाम डोस टाळत असेल किंवा सतत उदास राहत असेल, तर वर्गाआधी तिच्या डॉक्टरांशी बोलून समुपदेशकाची भेट घ्यावी. एरवी, पहिला वर्ग पाहून पुढे जायचे की नाही, हे तिलाच ठरवू द्यावे.