ठाण्यात घरी, एक पातेलं आणि कापडाच्या भरवशावर ऑल-ग्रेन बिअर (तयार अर्काऐवजी थेट धान्यापासून केलेली) जमेल का?

जमेल, पण आधी कायद्याचं: महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार परवान्याशिवाय घरीसुद्धा बिअर करता येत नाही. मी शिकलो ते लंडनला, मावसभावाच्या किचनमध्ये. तिथे स्वतःपुरती करायला मुभा आहे.

कृती म्हणाल तर पातेलं आणि कापड पुरतं. 8 लिटर पाणी 70 अंशांवर आणा, सैल कापडी पिशवीत 1.2 किलो भरडलेला बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) बुडवा, गुठळ्या मोडा. तापमान 66-67 अंशांवर येतं. गॅस बंद, पातेल्याला जुनी गोधडी, एक तास. या वेळात माल्टमधली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. खात्री करायची तर पांढऱ्या बशीत एक थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाका. काळंनिळं झालं तर अजून थांबा. पीठ मात्र करू नका माल्टचं, खळ होते नुसती!

मग पिशवी काढून उरलेल्या गोड रसाला हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळी. पुढे रस गार करून, यीस्ट घालून आंबवायचा; तेव्हा सगळी भांडी निर्जंतुकच हवीत.

खरी अडचण ठाण्याच्या हवेची. मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट, त्यात रस काय गार होणार? टबात बर्फ लागतो. आणि एल यीस्टला (एल प्रकारच्या बिअरसाठीचं यीस्ट) 18-20 अंश लागतात. 32 अंशांत ते सुसाट सुटतं आणि बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मारतो. बाटल्या भरायची घाई नको, आंबणं पूर्ण झालं नसेल तर त्या फुटतात.