वाचकांचे प्रश्न : रेडिओवरची जुनी संध्याकाळ

प्रश्न : सांगलीत आमच्या वाचनालयात 1950च्या दशकातल्या आकाशवाणीसारखी एक संध्याकाळ करायची आहे, एक भाषण आणि शास्त्रीय गाणं. मांडणी कशी करावी?

उत्तर : वक्ता आणि कलाकार शेजारच्या खोलीत बसवा, श्रोते दालनात, आणि मधे फक्त स्पीकर. रेडिओवर माणूस दिसत नाही, आवाजच दिसतो. तो अनुभव इथेच मिळेल. शिवाय माईक आणि स्पीकर वेगवेगळ्या खोल्यांत असल्यामुळे शिट्टी वाजत नाही.

भाषण दहा मिनिटांचं ठेवा. मराठी सावकाश वाचली तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात, म्हणजे हजार-अकराशे शब्दांचा मजकूर. कानाला मागचं पान उलटून पाहता येत नाही, म्हणून 'जो-तो', 'ज्यामुळे-त्यामुळे'ची लांब वाक्यं तोडा. कागद एकाच बाजूला लिहा आणि टाचणी काढून टाका. वाचून झालेलं पान उलटू नका, हळूच बाजूला सरकवा. नाहीतर कागदाची सळसळ भाषणापेक्षा जास्त ऐकू येते. तोंड माईकपासून वीतभर लांब आणि किंचित तिरकं असू द्या. समोरासमोर बोललं की 'प', 'फ', 'भ' धपकन आदळतात.

गाण्याला एकच माईक पुरतो, पण तो चारी बाजूंचा आवाज घेणारा हवा. हातात धरायचा स्टेजचा माईक जवळचंच पकडतो, सारंगी हरवते. गायक दीड फुटावर, सारंगी तीन फुटांवर, तबला चार फुटांवर, तानपुरे गायकाच्या मागे. तबला वरचढ झाला तर बटणं फिरवू नका, तबलजींना अर्धा फूट मागे सरकवा.

तानपुरे शक्यतो मिरजेचेच घ्या, घरच्यासारखे मिळतील. ते अर्धा तास आधी त्याच खोलीत आणून ठेवा. सांगलीच्या पावसाळी दमट हवेत तारा सतत उतरतात आणि लगेच लावलेला तानपुरा पहिल्या आलापातच बिघडतो. पहिली तार रागाप्रमाणे लावायची : यमनला पंचम (प), मारव्याला निषाद (नी), कारण मारव्यात पंचम वर्ज्य आहे. जवारीचा, म्हणजे तारेला घुमारा आणणारा दोरा घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) केसभर मागेपुढे करत राहा. स्वर घुमायला लागला की हात काढा, दोरा आणखी पुढे ढकलला की नुसती भणभण उरते. पंखा बंद ठेवा.

वेळ मात्र कडक पाळा. ठरलेली वेळ संपायला दोन मिनिटं उरली की गायकाला दिसेल असा छोटा लाल दिवा लावायचा. तो दिसला की गायक तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो. मैफिलीची सवय झालेल्या गायकाला हे जाचतं, म्हणून आधी एकदा घड्याळ लावून तालीम कराच.

प्रश्न : आम्हालाही कराडला अशीच संध्याकाळ करायची आहे. साथीला सारंगीच का, पेटी (हार्मोनियम) का नको? इथे सारंगीवादक मिळत नाहीत.

उत्तर : 1940पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, ती 1970नंतर हळूहळू सैल झाली. पेटीच्या पट्ट्यांचे सूर ठरलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि आंदोलन (सूर हळूच झुलवणं) तिच्यातून निघत नाही, हा आक्षेप. तुमची संध्याकाळ 1950च्या दशकातली, म्हणजे पेटी आली की काळ चुकला. सारंगी नसेल तर व्हायोलिन चालेल. तेही नसेल तर नुसता तबला आणि दोन तानपुरे. 1952मध्ये दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तोही पेटीशिवायच. सांगलीचं केंद्र 1963चं, त्याआधी इकडची मंडळी मुंबई आणि 1953पासून पुणे केंद्र लावत. म्हणून निवेदनात 'सांगली केंद्र' म्हणू नका, 'पुणे केंद्र' म्हणा.