गेमक्यूब घेताय? आधी उलटा करून बघा

रंग, किंमत, सोबत किती कंट्रोलर मिळतायत हे नंतर बघा. पहिलं काम म्हणजे निन्टेन्डोचा हा जुना गेम कन्सोल उलटा करून खालच्या लेबलवरचा मॉडेल नंबर वाचायचा. डीओएल-००१ असेल तर मागे व्हिडिओचे दोन पोर्ट सापडतील, एक अ‍ॅनालॉग आणि एक डिजिटल. डीओएल-१०१ असेल तर डिजिटल पोर्ट नाही. २००४ च्या सुमारास निन्टेन्डोने खर्च वाचवायला तो काढून टाकला. वापरणारे होतेच किती म्हणा!

पण आज सगळी गंमत त्याच पोर्टात आहे. ४८०पी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह स्कॅनचं (सगळ्या ओळी एकदम दाखवणारं, जास्त स्पष्ट) चित्र फक्त तिथूनच मिळतं, अ‍ॅनालॉगमधून नाही. निन्टेन्डोची मूळ कंपोनंट केबल (चित्र तीन वेगळ्या तारांतून टीव्हीला देणारी) शोधत बसू नका. सिग्नल अ‍ॅनालॉगमध्ये बदलणारी चिप तिच्या प्लगमध्येच होती, त्यामुळे ती दुर्मिळ आणि अवाच्या सवा महाग. त्याच पोर्टात बसणारे एचडीएमआय अडॅप्टर मिळतात, ते घ्या. अमेरिकन कन्सोलवर गेम सुरू होताना बी बटण दाबून धरलं, की ज्या गेममध्ये सोय आहे तो प्रोग्रेसिव्ह स्कॅनबद्दल विचारतो.

१०१ आधीच घेऊन बसला असाल तर फेकू नका, जुन्या डबा टीव्हीवर तो छान दिसतो. नाहीतर सरळ निन्टेन्डोचा पुढचा कन्सोल वी (Wii) बघा, पण सुरुवातीचा, म्हणजे आरव्हीएल-००१. गेमक्यूबच्या डिस्क चालतात, कंपोनंट केबलही स्वस्त. मात्र वीचंच नंतरचं मॉडेल आरव्हीएल-१०१ नको, त्यात गेमक्यूबचं काहीच चालत नाही.

आणि विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवू नका.