आलाँ तुरेन आणि चळवळींचा अभ्यास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चळवळींविषयीच्या लेखांमध्ये आलाँ तुरेन हे नाव वारंवार येतं. हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ या विषयाकडे कसे वळले?

उत्तर : कामगारांच्या कामाचा अभ्यास करता करता. तुरेन यांचा जन्म ३ ऑगस्ट १९२५ चा, नॉर्मंडीतला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरियरमध्ये इतिहास शिकत असताना ते मध्येच बाहेर पडले आणि १९४७-४८ च्या सुमाराला उत्तर फ्रान्समधल्या व्हालाँसिएनजवळच्या कोळशाच्या खाणीत काम करू लागले. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज फ्रिडमन यांच्या लिखाणामुळे त्यांना श्रमाच्या समाजशास्त्राची वाट सापडली. पुढे त्यांनी रेनो मोटार कारखान्यांतल्या कामाचा अभ्यास केला, तो १९५५ मध्ये पुस्तकरूपानं आला. कामाच्या इतिहासात त्यांनी तीन टप्पे दाखवले : हरहुन्नरी यंत्रावर कुशल कारागीर काम करतो तो पहिला, कामाचे तुकडे पडून अर्धकुशल मजूर उत्पादनाच्या साखळीवर (असेंब्ली लाइनवर) उभा राहतो तो दुसरा, यंत्रं आपोआप चालतात आणि माणूस देखरेख करतो तो तिसरा. कामगारांमधली वर्गजाणीव सर्वांत प्रखर होते ती पहिला आणि दुसरा टप्पा एकमेकांवर आदळतात तिथं, असं त्यांनी पुढे मांडलं. हातात कसब असलेल्या माणसाचा कामावरचा ताबा काढून घेतला जातो, तेव्हा तो केवळ पगारवाढ मागत नाही. कारखाना कोणाच्या मर्जीनं चालावा हेही विचारतो. त्यांचा पुढचा सगळा विचार याच निरीक्षणातून वाढला.

प्रश्न : मोर्चा, संप, बहिष्कार या सगळ्याला आपण चळवळच म्हणतो. तुरेन वेगळं काय सांगतात?

उत्तर : ते तीन कसोट्या लावतात. लढणारे स्वतःला कोण समजतात? त्यांचा विरोधक नेमका कोण? आणि दोघांमधली झुंज कशावरच्या ताब्यासाठी आहे? त्यांच्या परिभाषेत ओळख, विरोध आणि समग्रता. पहिल्या दोन कसोट्या चटकन कळतात. विद्यार्थी अडखळतात ते तिसऱ्यापाशी, कारण समग्रता म्हणजे मागण्यांची यादी असं धरलं जातं. तुरेन यांना अभिप्रेत आहे ते दोन्ही बाजूंना सारखंच मोलाचं वाटणारं काहीतरी. औद्योगिक समाजात मालक आणि कामगार दोघांचाही यंत्रावर, उत्पादनावर, प्रगतीवर विश्वास होता. भांडण होतं त्या प्रगतीची दिशा कोणी ठरवायची याचं. समाज ज्या ज्ञानातून, गुंतवणुकीतून आणि मूल्यांतून स्वतःला घडवतो त्याला ते ‘ऐतिहासिकता’ म्हणतात, आणि तिच्यावरच्या ताब्यासाठीचा संघर्ष हीच त्यांच्या मते खरी सामाजिक चळवळ.

तिसरी कसोटी लागू होत नसेल तर उरतो दबावगट. विरोधक स्पष्ट नसेल तर संताप कुठंही भरकटतो. नुसती ओळखच उरली, तर चळवळ बंदिस्त समूह होऊन बसते.

प्रश्न : ‘समाजशास्त्रीय हस्तक्षेप’ ही त्यांची पद्धत प्रत्यक्षात कशी राबवतात? पाठ्यपुस्तकात दोनच ओळी आहेत.

उत्तर : तुरेन यांनी १९७८ च्या एका पुस्तकात ती सविस्तर मांडली, आणि फ्रान्स्वा द्युबे, झुझा हेगेदुश, मिशेल विएव्हिओर्का यांच्याबरोबर वापरली.

एका लढ्यातले साधारण दहा-दहा कार्यकर्ते घेऊन किमान दोन गट करतात, शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणचे. गटात त्या लढ्यातले निरनिराळे प्रवाह यायला हवेत. कार्यकर्त्यानं संघटनेचा प्रवक्ता म्हणून बोलायचं नसतं. सुरुवातीच्या बैठकांना बाहेरची माणसं बोलावतात : मित्रपक्षातली आणि मुख्य म्हणजे विरोधी बाजूची. समोर खरा विरोधक बसला की पत्रकातली भाषा टिकत नाही; आपण नेमके कशाविरुद्ध आहोत हे त्याच्या उत्तरांमुळे गटाला नव्यानं तपासावं लागतं.

त्यानंतर बंद बैठका. गट आपल्याच आधीच्या बोलण्याचं विश्लेषण करतो. दोन संशोधकांच्या भूमिका वेगळ्या असतात : एक गटाच्या जवळ राहून त्याला आत्मपरीक्षणाकडे नेतो, दुसरा थोडं अंतर राखून गृहीतक बांधतो. मग येतो सर्वांत अवघड टप्पा. या लढ्याचा सर्वांत मोठा संभाव्य अर्थ कोणता, याचं गृहीतक संशोधक गटापुढे ठेवतात. त्याच्या प्रकाशात गट आपला अनुभव नव्यानं मांडू लागला, आपल्या फुटी आणि अपयशंही त्यातून समजावून सांगू लागला, तर गृहीतकाला बळ मिळतं. नुसत्या माना डोलल्या तर नाही. शेवटी निष्कर्ष इतर कार्यकर्त्यांपुढे नेतात आणि त्यांना ते उपयोगी पडतात का ते बघतात.

हे सगळं बिघडतं ते बहुधा संशोधकाच्या जागेमुळे. तो फार जवळ गेला तर चळवळीचा प्रचारक होतो. लांब राहिला तर गट त्याला परीक्षक समजून सावध उत्तरं देतो. विद्वानाच्या दबदब्यामुळे मिळालेला होकारही फसवा असतो, आणि या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. दुसरा धोका म्हणजे चर्चा गटातल्या आपापसातल्या रुसव्याफुगव्यांत अडकते आणि लढा बाजूला पडतो. बैठकांची मालिका घाईनं उरकली तरी हेच होतं.

प्रश्न : या पद्धतीतून हाती काय लागलं?

उत्तर : बऱ्याचदा अपेक्षाभंग, आणि तो त्यांनी छापला याबद्दल आम्हाला फार आदर वाटतो. १९७६ च्या फ्रेंच विद्यार्थी संपात मोठी सामाजिक चळवळ सापडली नाही. कारखान्यांपेक्षा ज्ञान आणि माहिती महत्त्वाची ठरते अशा औद्योगिकोत्तर समाजात कामगार चळवळीची जागा अणुऊर्जाविरोधी लढा घेईल, ही आशा होती. तिथं तंत्रज्ञशाहीला, म्हणजे तज्ज्ञांच्या सत्तेला, विरोधही होता आणि आधुनिकतेकडेच पाठ फिरवण्याची ओढही. दोन्ही प्रवाह पुरते जुळले नाहीत.

पोलंडचा अभ्यास मात्र वेगळाच. १९८१ मध्ये, सॉलिडॅरिटी ही तिथली स्वतंत्र कामगार संघटना उघडपणे काम करत असताना, फ्रेंच आणि पोलिश संशोधकांनी तिथल्या कामगारांचे गट बसवले. कामगार संघटना, लोकशाहीची मागणी आणि राष्ट्रीय अस्मिता असे तीन धागे एकाच चळवळीत गुंफलेले त्यांना दिसले. परिस्थिती चिघळली तसे ते उसवू लागल्याचंही दिसलं. १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा लागू झाला.

प्रश्न : १९९५ च्या फ्रान्समधल्या मोठ्या संपाच्या वेळी ते संपकऱ्यांच्या बाजूनं नव्हते, हे खरं का?

उत्तर : खरं. सामाजिक सुरक्षेच्या सुधारणांबाबत सेएफदेते या कामगार महासंघाच्या नेत्या निकोल नोता यांनी घेतलेल्या भूमिकेला पाठिंबा देणाऱ्या पत्रकावर त्यांची सही होती. दुसरे नामवंत फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए संपकऱ्यांबरोबर उभे राहिले. तुरेन यांच्या मते त्या संपात नकार होता, पुढचा कार्यक्रम नव्हता. हे त्यांच्या कसोट्यांशी सुसंगतच आहे. पण त्यातूनच कसोट्यांची मर्यादाही दिसते : हातातलं वाचवण्यासाठीच्या लढ्याचं मोल त्या कमी मोजतात.

प्रश्न : वाचायला सुरुवात कुठून करावी? फ्रेंच येत नाही.

उत्तर : पोलंडवरचं ‘सॉलिडॅरिटी’ आधी, कारण तिथं पद्धत काम करताना दिसते. मग पद्धतीवरचं, वर उल्लेख केलेलं १९७८ चं पुस्तक, ‘द व्हॉइस अँड द आय’. ऐतिहासिकतेची मूळ मांडणी ‘द सेल्फ-प्रॉडक्शन ऑफ सोसायटी’मध्ये आहे, ते जड आहे, तिसऱ्या क्रमांकावर घ्या. ‘क्रिटिक ऑफ मॉडर्निटी’मध्ये ते व्यक्तीच्या स्वतः कर्ता होण्याच्या धडपडीकडे वळतात. ९ जून २०२३ ला, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. उत्तरायुष्यातल्या लिखाणाचा मोठा भाग व्यक्तीच्या या धडपडीवरच आहे.