समान, समन्यायी, न्यायी की न्याय्य?

अवयवदानाच्या भित्तिपत्रकाचा मजकूर लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी 'अवयवांचे समान वाटप' असं लिहिलं, एका सहकाऱ्याने 'समन्यायी' सुचवलं, दुसऱ्याने 'न्यायी'. यातलं बरोबर काय?

'समान' आधी काढा. समान वाटप म्हणजे भावाभावांतल्या वाटणीसारखं, ज्याला त्याला सारखा वाटा. हृदय एकालाच मिळतं. यकृताचे कधीकधी दोन भाग करून दोघांना देतात, पण यादीतल्या बाकीच्यांच्या वाट्याला त्या दिवशी काहीच येत नाही.

'न्यायी' हे माणसाचं विशेषण. रामशास्त्री न्यायी होते. त्यांचा निवाडा न्याय्य होता.

'समन्यायी' हा शब्द मात्र तोलामोलाचा आहे. महाराष्ट्रात तो रुळला पाण्यामुळे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर ठरला आणि भूमिहीनालाही तो मिळाला. पुढे जायकवाडीच्या वादात 'समन्यायी पाणीवाटप' घरोघरी पोचलं. पण पाणी थोडं थोडं का होईना, सगळ्यांना देता येतं. अवयवांबाबत हा शब्द चूक नाही, तरी त्यातल्या 'सम'मुळे वाचक पुन्हा सारख्या वाट्याकडेच वळतो.

म्हणून माझा कौल 'न्याय्य'ला. पाणिनीचं सूत्र आहे, 'धर्मपथ्यर्थन्यायादनपेते'. अनपेत म्हणजे न ढळलेलं. पथाला सोडून नाही ते पथ्य, न्यायाला सोडून नाही ते न्याय्य. किती मिळालं हे या शब्दात येत नाही. देणं नियमाला धरून झालं की नाही, एवढंच येतं. आणि इथे सगळा भर त्यावरच आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं (बोलीत 'झेडटीसीसी') रुग्णांची यादी ठेवतात, आणि तिथला नियम अवयवागणिक बदलतो. मूत्रपिंडाचा रुग्ण डायलिसिसवर तग धरू शकतो, म्हणून तो किती काळ डायलिसिसवर आहे याला गुण मिळतात. यकृताला असा आधार नाही. तिथे बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर या रक्ततपासण्यांवरून 'मेल्ड' गुणांक काढतात, 6 ते 40 असा. जितका जास्त, तितका रुग्ण धोक्यात. रक्तगट जुळत असेल, तर काल नाव नोंदवलेला अत्यवस्थ रुग्ण वर्षभर थांबलेल्याच्या पुढे जाऊ शकतो.

इथेच एक सूचना करावीशी वाटते. 'किडनीसाठी नंबर लावलाय' असं आपण सर्रास म्हणतो. नंबर म्हटलं की आधी आला त्याला आधी, हे गृहीत धरलं जातं. मग नंतर नोंदवलेल्या कुणाला यकृत मिळालं की 'वशिला लागला' ही शंका नातेवाइकांच्या मनात घर करते. आधीच जीव टांगणीला लागलेल्या माणसांना हा जास्तीचा मनस्ताप कशाला? तेव्हा मजकुरात 'रांग', 'नंबर' टाळा. 'यादीत नाव नोंदवणे' आणि 'प्राधान्यक्रम' लिहा.

'वाटप' राहू द्या, तो सर्वांना कळतो. फक्त छापण्याआधी 'न्याय्य'मधला जोडाक्षरातला य तपासून घ्या. तो गळून 'न्याय वाटप' झालेलं फार ठिकाणी दिसतं, आणि त्याचा अर्थ न्यायाचं वाटप असा होतो.