पऱ्हाटीपासून गोळ्यांसाठीचं सेल्युलोज

प्रश्न : कापूस संपला की आमच्या शेतात पऱ्हाटीचे ढीग उरतात. मी नागपुरात बी. फार्म. करतो. गोळ्यांत घालतात ते मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज पऱ्हाटीपासून प्रयोगशाळेत करता येईल का?
– एक वाचक, कळमेश्वर

उत्तर : करता येईल. पण पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत बांधावर रचून ठेवू नका, त्यात गुलाबी बोंडअळी टिकून राहते. लगेच तोडून वाळवा. साल सोला, कारण माती तिलाच चिकटलेली असते. काडी दळून 40 मेशच्या चाळणीतून काढा.

1 भाग भुग्याला 10 भाग 8 टक्के कॉस्टिकचा (सोडियम हायड्रॉक्साइडचा) द्राव घेऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली वाफेने तापणाऱ्या बंद भांड्यात, 121 अंशांवर 2 तास शिजवा. पऱ्हाटी लाकडासारखी असते. उघड्या पातेल्यात उकळून लिग्निन (तंतूंना जखडणारा, लाकडाला कडकपणा देणारा घटक) पुरतं सुटत नाही, मग ब्लीच वाढवत बसावं लागतं. लगदा धुऊन 1.5 टक्के सोडियम क्लोराइटमध्ये, असेटिक आम्लाने पीएच 4 ठेवून, 70 ते 80 अंशांवर तासभर ठेवा. पांढरा होईपर्यंत द्राव बदला. यातून विषारी क्लोरीन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे फ्यूम हूडशिवाय (वायू बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कपाटाशिवाय) हे करूच नका.

यानंतर अनेक प्रबंधांत 17.5 टक्के कॉस्टिक सांगितलेलं असतं. आमच्या मते ते टाळावं. एवढ्या तीव्र अल्कलीत स्फटिकांची मूळ घडण बदलते आणि पावडर दाबल्यावर कमी बांधते. हेमिसेल्युलोज (सेल्युलोजसोबत असणारी छोट्या साखळ्यांची शर्करा) काढायला 8 टक्के पुरतं.

आता आम्ल. 210 मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात ओतून 1 लिटर करा (सुमारे 2.5 नॉर्मल). त्यात 50 ग्रॅम सेल्युलोज 15 मिनिटं उकळा. विस्कळीत भाग विरघळतो, स्फटिकी भाग उरतो. जास्त वेळ ठेवल्याने फायदा नाही, माल पिवळा पडतो.

खरी परीक्षा धुण्यात आहे. बोअरचं जड पाणी शेवटच्या धुण्याला चालत नाही, राख वाढते. अमेरिकी आणि युरोपीय भेषजसंहितांत (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथांत) राखेची मर्यादा 0.1 टक्का आहे. डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने धुवा. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर गढूळपणा दिसेनासा झाला, म्हणजे आम्लाचं क्लोराइड धुऊन गेलं, की थांबा. भंडारा-गोंदियाकडची धानाची तणस घेतली तर तिच्यातल्या सिलिकामुळे राख आणखी छळते. काळा कॉस्टिक द्राव नालीत सोडू नका.

प्रश्न : ओव्हनमध्ये वाळवल्यावर खडे होतात, दळून केलेली गोळी फुटते. का?

उत्तर : पाणी उडताना तंतू एकमेकांना घट्ट धरतात. दळून ती पकड सुटत नाही, कण कडकच राहतात. शेवटचं धुणं आयसोप्रोपिल अल्कोहोलने घ्या. ओव्हनमध्ये ठेवण्याआधी ते हूडखाली उडू द्या, कारण त्याची वाफ पेट घेते. मग ट्रेमध्ये पातळ पसरून 50 ते 60 अंशांवर वाळवा, अर्धवट ओलं असताना एकदा चाळा. ओलावा 3 ते 5 टक्क्यांवर आणून थांबा. 7 च्या वर गेला तर माल नापास.